‘प्रयोग ओळखा’ची कुळकथा

‘पोलिसांनी चोर पकडला.’ प्रयोग ओळखा. उत्तर : कर्मणी. आता चोराला नुसता ‘ला’ लावा, ‘पोलिसांनी चोराला पकडले’, की उत्तर होते भावे. काळ बदलून ‘पोलीस चोर पकडतात’ म्हटले की कर्तरी. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या अभ्यासिकांत भरतीची तयारी करणारी मुले हा सराव करतात आणि तासाभराने इंग्रजीचे पुस्तक उघडतात. तिथे या तिन्ही वाक्यांना उत्तर एकच : ॲक्टिव्ह व्हॉइस. तरीही कर्मणी म्हणजे पॅसिव्ह हे समीकरण बहुतेकांच्या डोक्यात पक्के असते. प्रश्नपत्रिकेत शेजारी बसलेले हे दोन प्रश्न मुळात वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत.

मराठी प्रश्नाचे घराणे पाणिनीपर्यंत जाते. क्रियापदाचा प्रत्यय कोणाबद्दल बोलतो, कर्त्याबद्दल, कर्माबद्दल की नुसत्या क्रियेबद्दल, हे पाहून त्याने कर्तरि, कर्मणि आणि भावे अशी व्यवस्था लावली. संस्कृतात यातली निवड पुष्कळदा बोलणाऱ्याच्या हाती होती. ‘त्याने पत्र लिहिले’ हे सांगायला भूतकाळाची क्रियापदे होती, तसेच ‘तेन पत्रं लिखितम्’ हेही चालत असे. पुढे प्राकृतांत भूतकाळाची ती जुनी रूपे झिजत गेली आणि ‘लिखितम्’च्या जातीची धातुसाधिते उरली. भूतकाळाचा सगळा भार त्यांच्यावर आला. मराठीने तो वारसा जसाच्या तसा उचलला. म्हणून आपण ‘त्याने भात खाल्ला’ आणि ‘त्याने पोळी खाल्ली’ म्हणतो. खाणारा तोच, पण क्रियापद फिरते ते ताटातल्या पदार्थाच्या लिंगाप्रमाणे.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलाहारकालीन लेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा, आणि संस्कृतातला आहे. मराठी वाक्ये दगडावर उतरू लागली तीही याच शतकांच्या आगेमागे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही ओळ शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. तिच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद आहे, रचनेविषयी नाही. कर्ता तृतीयेत आहे आणि क्रियापद त्याच्या ताब्यात नाही. ज्या ओळीला आद्य मराठी वाक्याचा मान आपण वर्षानुवर्षे देत आलो, तिला कर्तरी म्हणता येत नाही.

जुन्या मराठीकडे आणखी एक कर्मणी होता. संस्कृत ‘क्रियते’पासून प्राकृतात ‘किज्जइ’ आणि त्यापासून ‘कीजे’ झाले. बोलिजे, देखिजे, मारिजे ही रूपे ज्ञानेश्वरीच्या काळी सर्रास होती. व्याकरणात त्यांना आता प्राचीन किंवा पुराण कर्मणी म्हणतात. बोलण्यातून ती गेली, पण दोन रूपे मागे राहिली : ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’. ‘मला चहा पाहिजे’ या वाक्यात सातशे वर्षांपूर्वीचा कर्मणी दडलेला आहे, म्हणूनच हवे असणाऱ्याला तिथे ‘मी’ म्हणून उभे राहता येत नाही.

हा प्राचीन कर्मणी उल्हासनगरात मात्र अजून बोलण्यात आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगरची स्थापना झाली. त्यांच्या भाषेत ‘मारिजणु’ म्हणजे मारले जाणे. अर्नेस्ट ट्रंप या जर्मन पंडिताने 1872 च्या आपल्या सिंधी व्याकरणात या रूपांची नीट मांडणी केली आहे. कॅम्पातल्या जुन्या पिढीच्या तोंडची ही रूपे आणि ज्ञानेश्वरीतला ‘मारिजे’ एकाच प्राकृत मुळाची.

इंग्रजी प्रश्नाचे घराणे फारच अलीकडचे. ‘व्हॉइस बदला’ हा सराव भारतीय शाळांत रुजवणाऱ्या पुस्तकांत रेन आणि मार्टिन यांचे 1930 च्या दशकातले पुस्तक अग्रभागी आहे. यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात असताना त्यांनी कराचीच्या हायस्कुलात मुख्याध्यापकी केली होती. त्यांच्या पुस्तकातल्या सरावात वाक्य उलटायचे असते. कर्म पुढे आणायचे, कर्त्याला ‘बाय’ लावून मागे सारायचे. इंग्रजीत ही निवड लिहिणाऱ्याची असते. मराठी भूतकाळात ती भाषेनेच आधी करून ठेवलेली असते, विद्यार्थ्याने फक्त ओळखायची.

हे ओळखणे शाळेत आले ते व्याकरणाच्या पुस्तकांतून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मराठीचे व्याकरण छापले तेव्हा एका डोळ्यासमोर संस्कृत होते, दुसऱ्यासमोर इंग्रजी. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आधीच्यांची मते तपासत प्रयोगांचा सविस्तर ऊहापोह केला. अरविंद मंगरूळकरांनी पुढे ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहून संस्कृताच्या साच्यालाच प्रश्न विचारले. चार पर्यायांतून एक निवडायच्या परीक्षेत यातला वाद येत नाही, फक्त निकाल येतो.

शिकवण्यांतली युक्ती मात्र अस्सल आहे : कर्ता बदलून पाहा, कर्म बदलून पाहा आणि क्रियापद कोणामागे हलते ते बघा. ‘तिने डबा आणला’ आणि ‘त्याने डबा आणला’, क्रियापद ढिम्म. ‘तिने पिशवी आणली’ म्हणताच हलले. म्हणजे कर्मणी. भूतकाळ दिसला की कर्मणी लिहून मोकळे होणारे ‘ती डबा विसरली’पाशी फसतात. विसरणे, शिकणे, पिणे ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याला सोडत नाहीत, म्हणून हे वाक्य कर्तरी. आणि ‘तू पत्र लिहिलेस’ हे दोन्हीकडचे : ‘लिहिले’ पत्राचे, ‘स’ तुझा. त्याला कर्तृकर्मसंकर म्हणतात.

खरा गोंधळ होतो तो भाषांतरात. ‘द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस’ समोर आले की मुले ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला’ लिहितात. व्याकरणात याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असे नाव आहे, त्यामुळे गुणही मिळतात. कर्ता सांगायचाच नसेल तेव्हा ही रचना कामाची : ‘चोर पकडला गेला’. सरकारी सूचनांतले ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ हेही त्याच सोयीचे, कारण बंद कोण ठेवणार हे त्यात कुठेच येत नाही. पण पोलिसांचे नाव घ्यायचेच असेल, तर मराठीला ‘कडून’ही लागत नाही आणि ‘गेला’ही. चोराला पुढे आणले की झाले : ‘चोर पोलिसांनी पकडला.’ इंग्रजीला ज्यासाठी अख्खे वाक्य उलटावे लागते, ते मराठीत नुसत्या जागांच्या अदलाबदलीने होते, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे विभक्तीने आधीच सांगितलेले असते.