पागडी: गोठलेल्या भाड्याची गोष्ट

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'प्राइस सीलिंग'चा एक आलेख असतो. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा, त्या जिथे छेदतात त्याच्या खाली एक आडवी रेघ, आणि शेजारी लिहिलेलं 'तुटवडा'. इंजिनिअरिंगला आम्ही तो मार्कांपुरता पाठ केला. त्या रेघेखाली माणसं कशी राहतात हे बघायचं तर गिरगाव-लालबागला जावं.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. कायदा तात्पुरता होता, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. महागाई मात्र थांबली नाही.

आता गंमत बघा. भाडं वाढवता येत नाही, पण खोलीची किंमत तर वाढतेय. मग ती जाणार कुठे? ती गेली पागडीत! खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून एकरकमी पैसे घ्यायचा, त्यातला हिस्सा (रिवाजाने साधारण एक तृतीयांश) मालकाला. बेकायदेशीर, त्यामुळे रोख आणि बिनपावतीचं. म्हणजे भाडं नावापुरतं, आणि आत शिरण्याचं तिकीट मात्र बाजारभावाने. जो आधीच आत होता त्याला संरक्षण. गावाहून नव्याने आलेल्याला दार बंद. कायदा गरिबासाठी होता म्हणतात. पण कुठल्या गरिबासाठी?

मी मालकांची वकिली करत नाहीये. १९४७ साली कायदा नसता तर कित्येक गिरणी कामगार रस्त्यावर आले असते, हे मान्यच. पण पागडी मिळते एकदाच, आणि गच्ची गळते दर पावसाळ्यात. त्या भाड्यात दुरुस्ती कोण करणार? शेवटी १९६९ च्या कायद्याने सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. तरी इमारती कोसळतच राहिल्या.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं अवाजवी ठरवलं. मार्च २००० अखेर नवा कायदा लागू झाला: पागडी कायदेशीर, जुन्या भाड्यात एकदा पाच टक्के आणि पुढे वर्षाला चार टक्के वाढ. शंभर रुपये भाडं अगदी चक्रवाढीने धरलं तरी पंचवीस वर्षांनी होतात दोनशे ऐंशी. तेवढ्यात प्लंबर जिना चढून वर येईल का, विचारून बघा.