निपाणी : सीमेवरच्या एका पेठेचा इतिहास

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर झाले. परंतु विडी-कामगारांत तीस वर्षे हिंडताना निपाणीने आम्हांला जो इतिहास शिकवला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

पुणे-बंगळूर रस्त्याने कोल्हापूर सोडले, कागल मागे टाकले, की कोगनोळीपाशी राज्य बदलते आणि पुढे निपाणी लागते. दक्षिणेस तवंदीचा घाट, जवळून वाहणारी वेदगंगा. काळे रान आणि हमरस्ता, या दोहोंनी ही पेठ घडवली. रानात विडीचा तंबाखू पिकला आणि रस्त्याने तो मुलूखभर गेला.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे निपाणकर देसाई, यांच्यामुळे गावाचे नाव दरबारी पोहोचले. पुढे इंग्रजी अमलात निपाणी बेळगाव जिल्ह्यात राहिली, तर शेजारचे कागल कोल्हापूर संस्थानात. म्हणजे ही सीमा आजची नव्हे. १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ती पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ती पुन्हा उमटली. मधली सात वर्षे काय ती निपाणी बिनसीमेची होती! १९६७ च्या अहवालात महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले. पण बेळगाव नाकारल्यामुळे महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गाव कर्नाटकात आणि त्याचे देवचंद महाविद्यालय मात्र शिवेपलीकडे अर्जुननगरला, महाराष्ट्रात. पोरे रोज राज्य ओलांडून शिकायला जातात.

येथे मराठी बोलली जाते, कानडी बोलली जाते, उर्दूही बोलली जाते. मराठे, लिंगायत, जैन, मुसलमान, दलित, शिवाय व्यापारासाठी आलेले गुजराती. १९२५ च्या एप्रिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद याच गावी भरली. माणुसकीचा प्रश्न या पेठेने सीमेच्या प्रश्नाआधी ऐकला आहे.

आता पोटाचा इतिहास. तंबाखूचे शेंडे खुडायचे, बगलफुटी काढायच्या, कापून उन्हात वाळवायचा. मग तो वखारीत जातो. तेथे बायका तो कुटतात, चाळतात, आणि धूळ छातीत घेऊन घरी येतात. विडीचे पान बाहेरच्या जंगलातून येते. वळणारी बोटे येथल्या बायकांची. विड्या मोजताना किती बाद करायच्या, हे घेणारा ठरवतो. १९८१ साली भावासाठी तंबाखू-उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्त्यावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा जण गेले. त्यांची मागणी मराठी नव्हती, कानडीही नव्हती. घामाच्या दामाची होती.

आमची एक चूक येथे सांगितली पाहिजे. एका वर्षी आम्ही लढून हजार विड्यांमागचा दर वाढवून घेतला. हार-तुरे झाले. महिन्याभरात ठेकेदाराने पाने-तंबाखू शिवेपलीकडच्या गावांत वाटायला सुरुवात केली. किमान वेतन प्रत्येक राज्य आपापले ठरवते. पलीकडे दर कमी होता आणि आमची संघटनाही नव्हती. अलीकडच्या चुली थंडावल्या. तेव्हा एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "दादा, शीव मालकानं वलांडली, तुम्ही का न्हाई वलांडली?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकल घेऊन पलीकडे गेलो.

सीमेचा प्रश्न खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या भाषेत अर्ज लिहिता यावा, निकाल वाचता यावा, हा माणसाचा हक्कच आहे. परंतु गाव कोणत्या राज्याचे, हे विचारताना ते कोणाच्या कष्टावर उभे राहिले, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचा निकाल न्यायालय देईल. दुसऱ्याचा निकाल आपल्यालाच द्यावयाचा आहे.