कोंबड्यांचे फिरते कुंपण

परसातल्या कोंबड्यांना आवर घालण्याची गरज जुनीच. पण त्यासाठी लागणारी तारेची जाळी एकोणिसाव्या शतकातली आहे. इंग्लंडमधले नॉरिच हे विणकरांचे शहर. तिथल्या चार्ल्स बर्नार्ड या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने १८४४ मध्ये कापडाच्या मागावरून सुचलेले तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले. पुढच्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. कोंबड्या पाळण्याची हौस तेव्हा तिथे वाढत होती.

जाळीने कोंबड्या आवारात राहिल्या, पण आवार टिकले नाही. कोंबडी दिवसभर माती उकरते, कोवळे पाते खुडते आणि काही आठवड्यांत जमीन उघडी पडते. त्याहून वाईट म्हणजे जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून त्याच मातीत साचतात. तीच माती टिपून पिल्ले आजारी पडतात. हाताशी औषधे नव्हती तेव्हा जागा बदलत राहणे हाच भरवशाचा उपाय होता.

त्यातून इंग्लंडमध्ये १९२० आणि १९३० च्या दशकांत ‘फोल्ड युनिट’ रुळले. एका टोकाला लाकडी खुराडे, पुढे जाळी मारलेला बिनतळाचा पिंजरा. तो रोज स्वतःच्या लांबीइतका पुढे सरकवायचा. कोंबड्यांना ताजे गवत मिळे आणि कुरणाला खत. रात्री मेंढ्या शेतात बसवणाऱ्या धनगरांना हा हिशेब नवा वाटला नसता. अडचण वजनाची होती. पिंजरा मोठा करावा तर तो हलेना, लहान ठेवावा तर त्यात कोंबड्या मावेनात.

ही कोंडी विजेने फोडली. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या बिल गॅलाघर यांनी १९३० च्या दशकात, मोटारीला अंग घासणाऱ्या घोड्याला दूर ठेवण्यासाठी विजेचा झटका वापरला आणि पुढे विद्युत कुंपणाचा कारखाना उभा केला. सुरुवातीच्या यंत्रांचा प्रवाह तारेला टेकलेल्या गवतातून जमिनीत उतरून वाया जाई. रुआकुरा संशोधन केंद्रातल्या डग फिलिप्स यांनी १९६० च्या दशकात हा दोष बराचसा दूर केला.

पुढे प्लॅस्टिकच्या दोरीत स्टीलच्या बारीक तारा गुंफलेली जाळी आली आणि कुंपण खरोखर हलके झाले. तिचे सुमारे ५० मीटरचे भेंडोळे एकटा माणूस उचलतो. खुंट्यांचे टोकदार पाय जमिनीत रोवले की झाले. मातीला टेकणाऱ्या सर्वांत खालच्या दोरीत वीज सोडत नाहीत. पिसांमुळे कोंबडीला झटका फारसा बसत नाही, चोच किंवा तुरा लागला तरच तिला तो जाणवतो. कोल्ह्याचे ओले नाक मात्र चांगलेच पोळते. म्हणूनच कोंबड्यांना आत ठेवण्याइतकेच कोल्ह्याला बाहेर ठेवणे हे या जाळीचे काम ठरले. घार आणि ससाण्यापुढे तिचा इलाज नाही. त्यांच्यासाठी आजही वरून झाकलेला पिंजराच लागतो.