जवसाच्या धाग्यावरची 'लाइन'

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची यात्रा भरते. छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणातून गोंड भाविक येतात. रेल्वेने येणारे हावडा-मुंबई 'लाइन'वरच्या दरेकसा स्टेशनात उतरतात आणि धनेगावमार्गे डोंगर चढून गुहेपाशी दर्शनाच्या 'लाइन'मध्ये उभे राहतात. गावात दिवे गेले, की 'लाइन गेली' म्हणतात. एवढ्याशा शब्दाने किती कामे अंगावर घेतली आहेत!

त्याचे मूळ मात्र शेतात आहे. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. त्याच्या खोडाच्या तंतूंचा धागा तो 'लिनेआ'. ताणलेला धागा सरळ रेघ दाखवतो, म्हणून धाग्याची रेघ झाली. रेघेची पुढे रांग, ओळ, मार्ग, तार. 'लिनन' कापडही याच कुळातले. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत कापणीआधीच ओलीवर जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. म्हणजे शब्दाचा आजा इथे आधीपासूनच नांदत होता, नातू तेवढा इंग्रजांबरोबर आला.

1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने या भागात तो रुळवला. छावण्यांनी 'सिव्हिल लाइन', 'पोलीस लाइन' दिली. गवंड्याच्या 'लाइनदोरी'त तर मूळ अर्थ अजून शाबूत आहे, हे विशेष सुंदर.

बोलण्यात हा शब्द आणखी पुढे गेला. 'तो कोणत्या लाइनमध्ये आहे?' म्हणजे धंदा कोणता. पोरगा 'लाइनवर आला' म्हणजे सुधारला. 'लाइन मारतो' ते सगळ्यांनाच कळते. आता सातबारा, दाखले, धानविक्रीची नोंदणी 'ऑनलाइन' होते आणि त्यासाठी सेवा केंद्रासमोर लाइन लागते.