थेरपीला बसताना गॉगल घातला तर चालतो का?

चालतो. गॉगल काढलाच पाहिजे असा नियम नाही. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी जुनी रुग्णालयं आणखी फक्त ठाणे, पुणे आणि नागपूरला. पण शहर लहान. बाकावर कोणी ओळखीचं भेटेल या धास्तीने ‘डोळे आलेत’ म्हणत गॉगल चढवला जातो. (त्याने लोक उलट वळून बघतात, ते वेगळं!)

कारणं इतरही असतात. मायग्रेनमध्ये उजेड सोसत नाही. नैराश्याच्या काही गोळ्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. कोणाला रडू लपवायचं असतं, कोणाला नजर देणं जमत नाही.

म्हणून गॉगल असू द्या, पण कारण सांगा. डॉक्टर तपासताना नजरेचीही नोंद घेतात. त्रास गोळीचा असेल तर ते औषध बदलू शकतात (स्वतःहून बंद करू नका). नजरेची भीती असेल तर खुर्ची तिरकी ठेवता येते. घरातही सतत काळी काच लावली, तर उजेड पुढे जास्तच टोचतो.

आणि ओळखीची भीती? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. तरीही जायचं धाडस होत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. मोफत, २४ तास. तिथे गॉगलचा प्रश्नच नाही.