किरगीझ अलंकृत वस्त्रकला

किरगीझ अलंकृत वस्त्रकला : मध्य आशियातील तिएनशान व पामीर-आलाय पर्वतप्रदेशांत मेंढपाळी करणाऱ्या भटक्या किरगीझ समाजातील स्त्रियांची परंपरागत कला. लोकर भिजवून, दाबून व मळून तयार केलेला नमदा हे तिचे प्रमुख माध्यम होय. ऋतुमानानुसार कुरणे बदलणारा हा समाज ‘बोझ-ऊय’ या वर्तुळाकार राहुटीत राहत असे. राहुटीचा लाकडी सांगाडा पुरुष बनवीत. नमद्याची आच्छादने, अंथरुणे, पडदे, पट्टे व पिशव्या स्त्रिया तयार करीत. आल्ताय पर्वतातील पाझिरिक येथील थडग्यांत इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांच्या सुमारास बनविलेले अलंकृत नमदे सापडले असून त्यांवरून आशियाई भटक्या समाजांतील नमदाकलेची प्राचीनता स्पष्ट होते.

किरगीझ नमद्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘आला-कीइझ’मध्ये रंगीत लोकरीचे थर गवताच्या चटईवर आकृतिबंधानुसार पसरतात, त्यांवर गरम पाणी शिंपडून चटई गुंडाळतात व ती लाटून, तुडवून लोकर घट्ट करतात. हे श्रमाचे काम अनेक स्त्रिया मिळून करतात. आकृतीच्या कडा त्यात किंचित पसरट होतात. ‘शिरदाक’मध्ये भिन्न रंगांचे दोन नमदे एकमेकांवर ठेवून आकृती एकदमच कापतात व कापलेल्या भागांची अदलाबदल करून ते शिवतात. त्यामुळे एका नमद्यातील आकृती दुसऱ्यात पार्श्वभूमी होते आणि नमदा वाया जात नाही. सांध्यांवर पिळाची दोरी शिवून खाली जाड नमद्याचे अस्तर लावतात. मेंढ्याच्या शिंगांचा आकृतिबंध विशेष प्रचलित आहे.

‘तुश-कीइझ’ हा भरतकाम केलेला भित्तिपट. मुलामुलीच्या विवाहप्रसंगी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तो तयार करीत. वरच्या व दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर फुलावेलींचे भरतकाम असून मधला भाग बहुधा मोकळा असतो. अनेक पटांवर नाव व वर्षही भरलेले आढळते.

सोव्हिएट राजवटीत, विशेषतः १९३० नंतरच्या सामूहिकीकरणामुळे, भटके जीवन संपुष्टात येऊन राहुटीचा नित्य उपयोग घटला. १९९१ मध्ये किरगीझस्तान स्वतंत्र झाल्यावर ग्रामीण स्त्रियांच्या सहकारी गटांनी शिरदाकची विक्री सुरू केली. तथापि स्वस्त कृत्रिम गालिचे, कच्च्या मालाचा निकृष्ट दर्जा, जाणत्या कारागीर स्त्रियांची घटती संख्या व तरुण पिढीची अनास्था यांमुळे ही कला संकटात सापडली. २०१२ मध्ये यूनेस्कोने आला-कीइझ व शिरदाक यांचा तातडीने संरक्षणाची गरज असलेल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश केला. गालिचे संग्रहालयांत जतन करता येतात. ते बनविण्याचे ज्ञान मात्र वृद्ध स्त्रियांकडून तरुणींकडे प्रत्यक्ष कामातूनच जाते.