गौचर आजार : विकराचे सलाइन आणि पन्नास लाखांची मर्यादा

नावडे, प्रतिनिधी

मुलाचे पोट फुगलेले दिसते, वजन वाढत नाही, चेहरा पांढुरका पडतो आणि थोडेसे आपटले तरी अंग काळेनिळे होते. घरात आधी जंतांचे औषध दिले जाते, मग रक्तवाढीचे टॉनिक. प्रत्यक्षात वाढलेली असते ती प्लीहा, आणि त्यामागे गौचर हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असू शकतो.

फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने १८८२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. गोशेचे 'गौचर' हे आपल्याकडे रुळलेले रूप. पेशीतील एक स्निग्ध पदार्थ मोडणारे ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, या रुग्णांत पुरेसे नसते. न मोडलेला पदार्थ प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत साठत जातो.

उणीव असलेले विकर बाहेरून द्यावे, हा विचार अमेरिकेतील डॉ. रोस्को ब्रेडी यांच्या संशोधनातून पुढे आला. १९९१ मध्ये तेथे मान्यता मिळालेले पहिले औषध मानवी वारेपासून काढले जाई. १९९४ पासून जनुकीय तंत्राने बनविलेले विकर उपलब्ध झाले. गोळी घेतल्यास ते पोटातच पचून जाईल, म्हणून दर १४ दिवसांनी शिरेवाटे, सलाइनमधून द्यावे लागते. प्लीहा आकसते, हिमोग्लोबिन वाढते. मेंदूपर्यंत मात्र हे औषध पोहोचत नाही. आणि ते बंद केले की आजार परततो.

मात्रा वजनावर ठरते. किलोमागे ६० युनिट धरल्यास २० किलोच्या मुलाला एका वेळी ४०० युनिटच्या तीन कुप्या लागतात, वर्षाला ७८. मूल ४० किलोचे झाले की १५६. एरवी आईबापांना सुखावणारी वाढ येथे खर्च दुप्पट करते.

मार्च २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार नावड्यातील रुग्णासाठी जवळचे केंद्र म्हणजे परळचे केईएम रुग्णालय. पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला आणि तेथे गाडी बदलून परळ, असा हा प्रवास. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा प्रतिरुग्ण ५० लाख रुपये करण्यात आली. परंतु अशा काही आजारांत १० किलोच्या बालकाचा वार्षिक खर्च १० लाखांपासून एक कोटीच्याही वर जाऊ शकतो, हे हेच धोरण मान्य करते. उपचार आजन्म, मदत मात्र मर्यादित. हे गणित जुळणार कसे? एप्रिल २०१४ मध्ये एका गौचरग्रस्त बालकाला मोफत उपचार देण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला दिल्ली सरकारला द्यावा लागला होता.

एलिग्लुस्टॅट या कॅप्सूलची स्वस्त भारतीय आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केली. ती मुख्यतः पहिल्या प्रकारच्या प्रौढ रुग्णांसाठी आहे.

आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या कुटुंबांत हा धोका अधिक. निदान रक्तातील विकराच्या तपासणीने होते. घरात एक रुग्ण असल्यास पुढील गरोदरपणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून गर्भाचेही निदान करता येते. त्यासाठी आधीच्या मुलाचा जनुकीय अहवाल जपून ठेवावा.